घरातील वाचनाचा आवाज

आमच्या शाळेच्या एका पालकसभेत मी नेहमीप्रमाणे सूचना केली, ‘‘मुलांना रोज रात्री निदान दहा मिनिटे पुस्तक वाचून दाखवत जा.’’ सभा संपली, खुर्च्या उचलल्या गेल्या, तरी पाचवीतल्या एका मुलीची आई दाराशी थांबून राहिली. मी जवळ गेल्यावर हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘सर, तुम्ही सांगता ते खरं. पण मी काय वाचून दाखवणार? मला कुरआन शरीफ पढता येतं. मराठी येत नाही, उर्दूही येत नाही. मग माझ्या पोरीनं काय करायचं?’’

मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. ‘‘बघू या, काहीतरी मार्ग काढू,’’ असे गुळमुळीत बोलून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न मनातून जाईना. आपण शिक्षक मंडळी सभेत उठतो आणि सुशिक्षित घर डोळ्यांसमोर ठेवून उपदेश करतो. पण २००१ च्या जनगणनेत देशातील मुस्लिम स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण ५०.१ टक्के होते; म्हणजे जवळजवळ दर दोघींपैकी एकीला अक्षर वाचता येत नव्हते. त्यानंतर परिस्थिती सुधारली आहे, यात शंका नाही. तरीही दाराशी थांबलेली ती माउली एकटी नाही, हे आपण सर्वजण जाणतो.

इतिहास हा माझ्या आवडीचा विषय. म्हणून तिच्या प्रश्नाचे उत्तर मी इतिहासात शोधू लागलो. जे सापडले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने पालक बंधु-भगिनींसमोर आणि विद्यार्थी मित्रांसमोर ठेवीत आहे.

वाचन म्हणजे आवाज

आज वाचन म्हटले की एकटा माणूस मान खाली घालून मुकाट्याने पुस्तकात डोके घालून बसला आहे, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. पण वाचनाचे हे रूप सर्वसामान्य घरांत फार जुने नाही. पुस्तके दुर्मिळ होती, वाचणारे थोडे होते आणि ऐकणारे पुष्कळ होते, त्या काळात वाचन म्हणजे मोठ्याने वाचणे हेच समीकरण होते. आपल्या धर्मपरंपरेत तर पहिल्या वहीचा पहिला शब्दच ‘इक्रा’ असा आहे. त्याचा अर्थ ‘वाच’ असा होतो, तसाच ‘पठण कर’ असाही होतो. अरबी भाषेने वाचणे आणि म्हणणे या दोन क्रियांसाठी एकच धातू वापरला, आणि ‘कुरआन’ हे नावही त्याच धातूशी जोडले जाते. पहाटेच्या नमाजनंतर घराघरांतून येणारा तिलावतीचा आवाज हा त्या परंपरेचाच आवाज आहे.

आपल्या शेजारच्या हिंदू घरांतही वेगळे नव्हते. चातुर्मासात श्रीधर कवीचा ‘पांडवप्रताप’ किंवा ‘हरिविजय’ पाटावर ठेवायचा, एकाने वाचायचे आणि घरातल्यांनी व आळीतल्यांनी ऐकायचे, ही पद्धत महाराष्ट्रातील गावोगाव होती. आपल्याकडे रबिउल अव्वलमध्ये मिलाद वाचला जाई, मोहरममध्ये मर्सिये वाचले जात, कित्येक घरांत ‘नूरनामा’ म्हटला जाई. वाचणारा एक आणि ऐकणारे दहा. पण त्या दहांनाही ते वाङ्मय आपले वाटे.

जिथे पुस्तकच नव्हते तिथे काय होते? दख्खनच्या इतिहासाने याचे फार सुंदर उत्तर दिले आहे. विजापूरच्या सूफी परंपरेतील कवींनी दखनी भाषेत ‘चक्कीनामा’ नावाचा रचनाप्रकार घडवला. चक्की म्हणजे जाते. बायका पहाटे दळायला बसत तेव्हा म्हणावयाची ही पदे. जात्याचा खुंटा, जात्याची पाळ, जात्याचे फिरणे या रोजच्या गोष्टींतून ईश्वर, पैगंबर आणि गुरू यांच्याविषयीची शिकवण त्यात सांगितलेली असे. पाळण्यासाठी ‘लोरीनामा’ होता. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७४ साली या रचनांवर लिहिताना असे दाखवून दिले की, दख्खनमधील सामान्य माणसांत इस्लामची ओळख पसरण्यात मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा या घरगुती गाण्यांचा वाटा महत्त्वाचा होता. आईच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेले मूल ते ऐकत असे. मराठी बाई शेजारच्या घरात त्याच जात्यावर ओवी म्हणत असे. जाते एकच, सूरही फार वेगळे नसतील.

म्हणजे अक्षर न ओळखणारी आई आपल्या इतिहासात शिक्षणाच्या बाहेर कधीच नव्हती. ती शिक्षणाच्या अगदी मध्यभागी बसलेली होती.

तव्याची काजळी आणि झाडूची काडी

परंतु इतिहासाची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. ऐकण्याचा अधिकार स्त्रीला होता. वाचण्याचा थोडा होता. लिहिण्याचा मात्र बहुतेक घरांत नव्हता. मुलीला कुरआन पढायला शिकवावे, पण लिहायला शिकवू नये, असा दंडक उत्तर हिंदुस्थानातील अनेक प्रतिष्ठित मुस्लिम घराण्यांतही होता.

बिजनौर जिल्ह्यातील बीबी अश्रफ यांची हकीकत या बाबतीत प्रत्येक विद्यार्थिनीने जाणून घ्यावी अशी आहे. त्यांचा जन्म १८४० चा. घरातील मुलींना कुरआन शिकवायला एक उस्तानी येत असत. त्या उस्तानींनी पुनर्विवाह केल्यावर घरातील वडीलधाऱ्यांना राग आला आणि मुलींचे शिक्षणच थांबले. आई लहानपणीच वारली. अश्रफने राहिलेले पठण स्वतःच्या हिमतीवर पूर्ण केले. पण तिला उर्दू वाचायचे होते आणि ते शिकवायला कोणी तयार नव्हते. मग या मुलीने काय केले? घरातल्या बायकांकडून धार्मिक पदांची कागदे-पुस्तके मागून घेतली. दुपारी सर्वजण झोपले की ती गच्चीवर जाई. शाईच्या जागी तव्याची काजळी, दौतीच्या जागी मडक्याचे झाकण, कलमाच्या जागी झाडूची काडी! समोरची अक्षरे ती जशीच्या तशी उतरवून काढी. आपण काय लिहिले हे तिला स्वतःलाच वाचता येत नसे.

पुढे नात्यातला एक लहान मुलगा तिच्याकडे कुरआन शिकायला येऊ लागला. तिने त्याला कुरआन शिकवले आणि त्याने तिला उर्दूचे धडे दिले. दोघांनी समोरासमोर बसून मोठ्याने वाचायचे, हीच त्यांची शाळा. थोड्याच दिवसांत तो मुलगा गाव सोडून गेला. पण तोपर्यंत किल्ली हाती आली होती. ओळखीच्या शब्दांवरून अनोळखी शब्द जुळवीत अश्रफ वाचायला शिकली. मग ज्या बायकांना अक्षर येत नव्हते त्यांची पत्रे ती वाचू लागली, त्यांची उत्तरे लिहू लागली. पुढे वैधव्य आल्यावर याच विद्येने तिला हात दिला. लाहोरच्या व्हिक्टोरिया गर्ल्स स्कूलमध्ये बीबी अश्रफ शिक्षिका झाल्या. १९०३ साली त्यांचे निधन झाले.

बीबी अश्रफना शिकवणारा गुरू वयाने त्यांच्याहून लहान होता, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

एका बापाने लिहिलेली पुस्तके

याच बिजनौर जिल्ह्याने आणखी एक नाव दिले, ते म्हणजे डेप्युटी नझीर अहमद. दिल्ली कॉलेजात शिकलेले, तत्कालीन वायव्य प्रांतात डेप्युटी कलेक्टर झालेले हे गृहस्थ. सरकारी नोकरीत असूनही मुलांच्या शिक्षणाकडे त्यांचे बारीक लक्ष होते. मुलींना घरी काय वाचायला द्यावे, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. धर्माची पुस्तके होती, काव्ये होती. पण मुलीला आपलेसे वाटेल, ज्यात तिच्याच घरातली भाषा आणि तिच्याच घरातले प्रसंग असतील, असे पुस्तक त्यांना सापडेना. तेव्हा ते स्वतःच लिहायला बसले. थोडी पाने लिहायची आणि मुलांना द्यायची. ती वाचून संपली की मुले पुढची मागत आणि वडील पुढची लिहीत. थोरल्या मुलीसाठी ‘मिरात-उल-उरूस’, म्हणजे ‘नववधूचा आरसा’, धाकटीसाठी गोष्टींचे पुस्तक आणि मुलगा बशीर याच्यासाठी ‘चंद पंद’.

ही पुस्तके छापण्यासाठी लिहिलेलीच नव्हती. शिक्षण खात्याचे संचालक मॅथ्यू केम्पसन दौऱ्यावर असताना त्यांची छोट्या बशीरशी गाठ पडली. ‘‘काय वाचतोस?’’ असे साहेबांनी विचारताच मुलाने आपले पुस्तक दाखवले आणि ताईकडे याहूनही छान पुस्तक आहे असे सांगून टाकले. साहेबांनी ते मागवून घेतले. १८६९ साली ‘मिरात-उल-उरूस’ प्रसिद्ध झाले; प्रांतिक सरकारने लेखकाला एक हजार रुपयांचे पारितोषिक दिले आणि दोन हजार प्रती खरेदी केल्या. उर्दूतील आरंभीच्या कादंबऱ्यांत आज त्याची गणना होते. पण त्याचा जन्म ना विद्यापीठात झाला, ना छापखान्यात. बाप लिहितो आणि लेक वाचते, अशा एका घरात तो झाला.

या पुस्तकात अकबरी आणि असगरी या दोन बहिणी आहेत. थोरली हट्टी आणि अडाणी, धाकटी समंजस आणि शिकलेली. ही असगरी पुढे सासरी मुलींचा मकतब चालवते. आजच्या दृष्टीने पाहिले तर या पुस्तकातील स्त्रीचे जग घराच्या चार भिंतींपुरतेच आहे, ही त्याची मर्यादा मान्य केली पाहिजे. परंतु त्या चार भिंतींच्या आत पुस्तक शिरले, आणि एकदा शिरलेले पुस्तक पुन्हा बाहेर काढणे कोणाला जमले नाही.

१ जुलै १८९८ रोजी लाहोरहून ‘तहजीब-ए-निसवान’ हे स्त्रियांचे साप्ताहिक निघाले. त्याच्या संपादिका मुहम्मदी बेगम. पती सय्यद मुमताज अली यांच्या साथीने त्यांनी ते चालवले. बीबी अश्रफ यांनी आपली शिकण्याची हकीकत याच साप्ताहिकासाठी लिहिली. मुंबईच्या अतिया फैजी १९०६ साली अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या, तेव्हा त्यांनी बहिणीला पाठवलेली रोजनिशीही याच साप्ताहिकात छापली गेली. एका बहिणीने दुसरीसाठी लिहिलेला मजकूर अशा रीतीने शेकडो घरांतील बहिणींपर्यंत पोहोचला. अतिया फैजी ज्या तय्यबजी कुळातल्या, त्याच कुळातील बद्रुद्दीन तय्यबजी १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापणाऱ्यांपैकी एक होते. या कुटुंबांत ‘अखबार की किताब’ नावाच्या वह्या ठेवल्या जात. घरातल्या घडामोडी कोणीही त्यात लिहाव्या, कोणीही वाचाव्या. त्यातून लेकीसुनांचेही लिहिणे-वाचणे घरातच वाढले.

मेणबत्तीचा उजेड

ही गोष्ट एका प्रांताची किंवा एका समाजाची नाही. बंगालमध्ये रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद गावी १८८० साली जन्मलेल्या बेगम रुकैया यांना बंगाली आणि इंग्रजी शिकण्याची घरातून मुभा नव्हती. थोरले बंधू इब्राहिम साबेर घरातील सर्वजण झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात त्यांना शिकवीत. थोरल्या भगिनी करीमुन्निसा यांनी बंगालीची गोडी लावली. त्या मेणबत्तीच्या उजेडात शिकलेल्या मुलीने १९११ साली कलकत्त्यात अवघ्या आठ विद्यार्थिनींवर मुलींची शाळा उघडली. सखावत मेमोरियल ही ती शाळा.

आपल्या महाराष्ट्रात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा विवाह १८७३ साली अकरा वर्षांच्या रमाबाईंशी झाला, तेव्हा रमाबाईंना अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी घरीच पाटी हाती दिली. घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते रुचले नाही. टोमणे, अबोला, हेटाळणी सारे त्या मुलीच्या वाट्याला आले. पण ती शिकली, आणि पुढे पतीला मराठी-इंग्रजी वर्तमानपत्रे वाचून दाखवू लागली. ज्याने अक्षर शिकवले त्यालाच वाचून दाखवायचे, असे या वाचनाचे वर्तुळ पूर्ण झाले. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या रमाबाईंच्या आठवणी हा मराठीतील एक मोलाचा ग्रंथ मानला जातो.

आणि आपल्या कोकणातील पालगडचे साने गुरुजी! १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यातील प्रकरणांना त्यांनी ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावे दिली आहेत, कारण हे पुस्तक म्हणजे रोज रात्री भोवती जमलेल्यांना सांगितलेल्या आठवणी आहेत. अनेक मराठी घरांत ते तसेच, एका रात्री एक प्रकरण, असे वाचले गेले. इस्लामी संस्कृतीवरही याच गुरुजींनी मराठीत पुस्तक लिहिले, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे.

आवाज कुठे गेला?

मग हा आवाज कमी का झाला? शाळा वाढल्या, छापील पुस्तके स्वस्त झाली, आणि प्रत्येकाने आपापले वाचावे असे सर्वांना वाटू लागले. ही प्रगतीच होती. पण तिच्यासोबत एक चुकीची समजूत घरात शिरली. वाचन हे शाळेचे काम, घराचे काम फी भरण्याचे! पुढे रेडिओ आला, दूरदर्शन आले, आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. एकाच खोलीत चार माणसे चार पडद्यांकडे पाहत बसतात. त्यात माध्यमाचा पेच वेगळाच. आई-वडील उर्दू किंवा मराठी शाळेत शिकलेले, मूल इंग्रजी शाळेत. मुलाच्या पुस्तकाला हात लावण्याची पालकांना भीती वाटते. आपले चुकेल, मूल हसेल, अशी ती भीती.

गंमत अशी की, आपण जे सोडले ते आता इतर देश नव्याने शिकत आहेत. वाचन-शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या १९८५ सालच्या एका अमेरिकन अहवालाने, मुलांना पुढे नीट वाचता यावे यासाठी त्यांना मोठ्याने वाचून दाखवण्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही, असा निष्कर्ष काढला. १९८९ पासून बॉस्टनच्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी तपासणीला येणाऱ्या लहान मुलांना घरी वाचण्यासाठी पुस्तके देण्याचा उपक्रम सुरू केला, आणि तो पुढे देशभर पसरला. २०१४ साली तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अगदी तान्ह्या वयापासून बाळाला वाचून दाखवावे असा सल्ला पालकांना द्यायला डॉक्टरांना सांगितले. चक्कीनामा म्हणणाऱ्या आमच्या विजापुरी माउलीला हे कोणी सांगावे लागले नव्हते!

माझ्या दादीचा हिशेब

आता त्या दाराशी थांबलेल्या आईकडे येतो. तिचे उत्तर खरे तर माझ्याच घरात होते. मीच ते विसरलो होतो.

माझे वडील आखातात नोकरीला होते. मी चौथीत असताना त्यांची पत्रे दादीच्या नावाने येत. ते मराठी शाळेत शिकलेले, म्हणून पत्र मराठीत. दादी रोज फजरनंतर कुरआन पढत असे, पण मराठीचे एक अक्षर तिला येत नव्हते. पत्र आले की ती ओटीवर बसे आणि मी वाचून दाखवी. बाहेर मुले चेंडू घेऊन थांबलेली असत. एकदा मी घाईघाईने पत्र संपवले आणि उठलो. दादीने हात धरून मला खाली बसवले. पत्र हाती घेतले, बोट ठेवून ओळी मोजल्या आणि म्हणाली, ‘‘या पानावर अकरा ओळी आहेत. तू थांबत थांबत वाचतोस तेव्हा एका ओळीला मी एक श्वास घेते. आज सातच श्वास झाले. माझ्या मुलाने मला लिहिलेले आहे, त्यातले तू का खातोस?’’

मी चार ओळी गाळल्या होत्या. त्यांत शेजारपाजाऱ्यांना सलाम होता आणि दादीच्या गुडघ्याची चौकशी होती. मी शरमेने लाल होऊन पुन्हा पहिल्यापासून वाचले. त्या दिवसापासून मी कधीही ओळ गाळली नाही. मी आज मुलांना भाषा शिकवतो. पण सावकाश, स्पष्ट आणि प्रामाणिकपणे वाचायला मला ज्या व्यक्तीने शिकवले, तिला वाचता येत नव्हते.

म्हणून त्या भगिनीला मी नंतर भेटून सांगितले, ‘‘तुम्ही वाचून दाखवू नका. तुम्ही ऐका. मुलगी वाचेल. जिथे समजणार नाही तिथे तिला अर्थ विचारा. तिला सांगता आला नाही तर ती दुसऱ्या दिवशी मला विचारील.’’ त्यावर तिने विचारले, ‘‘आणि ती अडली तर?’’ मी म्हटले, ‘‘थांबा. रागावू नका. ती आपली आपण पुढे जाईल.’’ बीबी अश्रफनाही लहान मुलानेच शिकवले होते. लेकीचे वाचन ऐकता ऐकता उद्या त्या आईच्याही ओळखीची दोन अक्षरे झाली, तर त्यात नवल नाही.

पालक बंधु-भगिनींनो, यासाठी पैसा लागत नाही, पदवी लागत नाही. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवावा. घरात जी भाषा येत असेल ती चालेल. उर्दू, मराठी, इंग्रजी असा भेद नको. ज्यांना वाचता येते त्यांनी वाचावे, ज्यांना येत नाही त्यांनी ऐकावे. वडिलांनी हे काम आईवर ढकलू नये. नझीर अहमद हे वडीलच होते. पाठ्यपुस्तकातला धडा, ‘किशोर’ मासिकातली गोष्ट, वर्तमानपत्रातली एक बातमी, काहीही चालेल. आपल्या संस्थेलाही एक विनंती आहे. दर शनिवारी प्रत्येक मुलाच्या दप्तरात ग्रंथालयाचे एक पुस्तक घरी जावे. कपाटाला कुलूप लावून जपलेल्या पुस्तकापेक्षा हाताळून फाटलेले पुस्तक अधिक कामाचे असते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी दादी असेल, नानी असेल, शाळेचे तोंड न पाहिलेली आई असेल, तर आज रात्री तिच्याजवळ जाऊन बसा आणि एक पान वाचून दाखवा. घाई करू नका. एकही ओळ गाळू नका. ती मोजत असते.